कंदाची दुसरी रात्र

“थुंका, थुंका बाय! गिळू नका!” चिमाबाई ओरडली आणि तिनं माझ्या पाठीत धपका घातला.

मी थुंकले. पण तोवर जीभ पोळली होती आणि घशात कुणी काटे टोचावेत तसं झालं होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चिमाबाईनं चिंचेचा एक आकडा सोलून माझ्या हातात कोंबला आणि चोखायला लावला. मग पदर तोंडाशी धरून ती हसत बसली.

“इचारल्याबिगर तोंडात कशाला घालायचं? बटाटा हाय व्हय त्यो? कडूकंद हाय.”

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरामागे चिंचेखाली ती कंदाच्या पातळ चकत्या करत बसली होती. त्यातली एक मी उचलून चावली होती. इतकी पांढरीशुभ्र दिसत होती ती!

“हे तुम्ही खाता?”

“खातो म्हंजे? आमच्या आजाच्या आजापास्नं खातो. पर त्याला वेळ द्यावा लागतो. अशा चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून व्हाळाच्या वाहत्या पान्यात ठेवायच्या. दोन रात्री. तिसऱ्या दिशी एका म्हाताऱ्या मानसानं चाखून बघायचं. त्यानं मान हालवली तरच पोरांना द्यायचं. मंग रताळ्यावानी ग्वाड लागतो.”

मी हे सगळं माझ्या वहीत उतरवून घेतलं. त्या वहीतला तो एकतिसावा पदार्थ होता.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि घाटमाथ्यावरच्या त्या डोंगराळ तालुक्यात विस्तार अधिकारी म्हणून रुजू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच वर्षी ‘शिवाराचं ताट’ नावाची योजना आली. आश्रमशाळा, वसतिगृहं, अंगणवाड्या, सरकारी उपाहारगृहं अशा सगळ्या ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस त्याच तालुक्यात पिकलेलं, उगवलेलं अन्न द्यायचं, असा शासन निर्णय होता. बाहेरून येणारा तांदूळ, तेल आणि पाकीटबंद खाऊ यांच्यावरचा भार कमी करायचा, लोकांना आपल्या मातीतल्या अन्नाची गोडी पुन्हा लावायची. बाकीच्या अधिकाऱ्यांना ती आणखी एक कटकट वाटली. मला मात्र ती मनापासून आवडली. मी बार्शीची, ज्वारीच्या मुलखातली. वसतिगृहात राहून शिकले होते आणि चार वर्षं पाण्यासारखी डाळ आणि गार भात खाल्ला होता.

पण नुसत्या आवडीनं काय होणार? नाचणी कशी शिजवायची, वरईचं काय करायचं, कुठली रानभाजी कशात घालायची हे मला कुठं ठाऊक होतं? जांभूळटेपच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी चिमाबाई मेंगाळ मला भेटली नसती तर माझी योजना कागदावरच राहिली असती. ठाकरांच्या वाडीतली ही बाई. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. वाडीतल्या लग्नाकार्याचा स्वयंपाक तिच्याच हातचा असायचा. तिची नात सुंदरा त्याच शाळेत चौथीत होती. आईबाप ऊसतोडीला जायचे, म्हणून पोर आजीजवळ.

पहिल्या महिन्यात मुलांनी नाचणीच्या भाकरीला तोंड लावलं नाही. “हे घरी खातो की,” असं म्हणून ताटं सरकवली. चिमाबाईनं काय केलं, तर नाचणीच्या पिठात गूळ आणि भाजलेले तीळ घालून चपटे लाडू वळले आणि आधी मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर खायला लावले. मास्तर खातात म्हटल्यावर मुलं तुटून पडली. श्रावण सरेपर्यंत वरईचा भात, खुरसणीची चटणी, टाकळ्याची भाजी असं सगळं ताटात येऊ लागलं. मुलांचं वजन वाढलं. वाडीतल्या बायका घरची नाचणी शाळेला घालू लागल्या. मी दर मंगळवारी जायची. चिमाबाई मला “बाय” म्हणायची. माझ्या आईनंतर मला जेवायला बसवून समोर कुणी बसत असेल तर तीच.

भाद्रपदात आमचे वरिष्ठ गायधनीसाहेब यांनी मला बोलावलं. “कुलथे, मुंबईहून सचिव येताहेत. शुक्रवारी. राज्यात तुमची शाळा पहिली आहे. काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे ताटात. नाचणी काय, सगळेच दाखवतात.”

“कडूकंद आहे साहेब,” मी म्हणाले. “कुणी पाहिलासुद्धा नसेल.”

“हां! ते करा. छापा पत्रिकेवर.”

बुधवारी सकाळी चिमाबाईनं वाडीतल्या चार बायका घेऊन कंद खणून आणला, चकत्या केल्या, राखेत उकडल्या आणि संध्याकाळी टोपल्या ओढ्यात ठेवल्या. बुधवारची रात्र, गुरुवारची रात्र, शुक्रवारी दुपारी ताटात. हिशेब बरोबर होता.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मुख्याध्यापक धावत आले. जिल्ह्यावरून फोन होता. सचिवांचा दौरा बदलला. ते आजच येणार, दुपारी एक वाजता.

मी ओढ्यावर गेले तेव्हा चिमाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. गुडघाभर कसलं, घोट्याच्या जरा वर. दहा दिवस पावसानं उघडीप दिली होती आणि ओढा बारीक झाला होता.

“चिमाबाई, कंद काढा. आजच करायचाय.”

“आज?” तिनं टोपलीतली एक चकती काढली, दातांनी कुरतडली, थुंकली. “न्हाई जमायचं. अजून हाय कडू. एक तर पान्याला जोर न्हाई. उद्या बी बघूनच करायचा, म्हनत व्हते मी.”

“पुन्हा उकडला तर? दोनदा, तीनदा पाणी बदलून?”

“उकडून त्यो वरला कडूपना जातो बाय. आतला पानीच काढतं. त्याला रात पायजे.”

मी घड्याळ पाहिलं. पत्रिकेवर मोठ्या अक्षरात कडूकंद छापलेला होता. गायधनीसाहेबांनी तो फोनवर सचिवांना सांगूनही ठेवला होता. मी म्हणाले, “चिमाबाई, साहेब फक्त त्याच्यासाठी येताहेत. तो नसला तर योजनेचं हसं होईल. मग पुन्हा तो बाहेरचा भात आणि ती पाण्यासारखी डाळ. चालेल तुम्हाला?”

ती वाकली आणि एकेक टोपली पाण्यातून ओढून काठावर ठेवू लागली.

तीन पाण्यांतून कंद उकडला. मी स्वतः चाखला. कडू लागला नाही. जिभेवर जरासा चुरचुरला, पण त्यात मिरची आणि तीळ पडणारच होते.

“चांगला झालाय की!”

तिनंही एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला. “लागत न्हाई आता. पर मागनं चढतो ह्यो. पोरं लहान हायती. सायबांना दोन घास द्या, पोरांना नगं.”

“मुलांच्याच ताटात बघायचाय ना त्यांना. फोटो काढणारेत.” माझा आवाज चढला होता, हे मला आजही ऐकू येतं. “माझ्या जबाबदारीवर वाढा. काही झालं तर मी आहे ना.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. पदरानं हात पुसले आणि म्हणाली, “तुमी लिवनाऱ्या-वाचनाऱ्या. तुमी म्हनताय तर वाढते.”

सचिव आले, पंगतीत मांडी घालून बसले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “अप्रतिम. हे खरं महाराष्ट्राचं अन्न.” फोटो निघाले. मुलांनाही कंद आवडला. चिमाबाई पातेलं घेऊन पंगतीतून फिरत होती, मागणाऱ्याला पुन्हा वाढत होती. मी पाहिलं, चौथीच्या रांगेत सुंदराच्या ताटातही तिनं तितकाच वाढला. मला त्या क्षणी बरं वाटलं. तिची शंका फिटली, असं मी समजले.

अडीच वाजता गाड्या गेल्या. चार वाजता सहावीतली एक मुलगी व्हरांड्यात बसून ओकायला लागली. मग दुसरी. साडेचारला खेळाच्या मैदानावर दहा-बारा मुलं आडवी झाली होती. कुणाच्या तोंडाला फेस, कुणाला घेरी, कुणी पोट धरून लोळतंय. मुख्याध्यापकांनी जीप काढली, मी रस्त्यावर उभी राहून मालाचा एक टेम्पो अडवला. त्रेचाळीस मुलं आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात नेली. एकेका खाटेवर दोन-दोन, उरलेली सतरंजीवर.

सुंदराची तब्येत सगळ्यांत बिघडली. तिची हडकुळी छाती भात्यासारखी हलत होती. चिमाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती, नातीचा पाय दोन्ही हातांनी धरून. मी तिच्या शेजारी बसले. मी म्हणाले, “चिमाबाई, मी सांगते सगळं साहेबांना. तुमचा काही दोष नाही.”

तिनं फक्त मान हलवली.

मुलं वाचली. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी गेली. सुंदराला पाच दिवस ठेवावं लागलं, पण तीही वाचली. हे मी स्वतःला पुढं कित्येकदा सांगितलं, की मुलं तर वाचली.

सोमवारी गायधनीसाहेबांच्या केबिनमध्ये मी जबाब द्यायला बसले. वर्तमानपत्र टेबलावर उघडंच होतं. चौकशी त्यांच्याकडेच दिलेली होती.

“साहेब, चिमाबाई नको म्हणत होती. मीच—”

त्यांनी हात वर केला. “कुलथे, थांबा. तुम्ही जे बोलताय ते एकदा कागदावर आलं की तुमची नोकरी गेली. पोलिसांचं लचांड वेगळं. माझंही नाव येणार, कारण पत्रिका मी मंजूर केली. योजना तर आजच्या आज बंद. आणि त्या बाईचं काय? ती रोजंदारीवर. तिच्यावर कोण खटला भरणार आहे? फार तर घरी बसेल. तिला शेती आहे, वाडी आहे. तुम्हाला काय आहे?”

“पण साहेब...”

“खोटं लिहा असं मी म्हणत नाही. जेवढं विचारलंय तेवढंच लिहा.”

मला विचारलं होतं, पदार्थ कुणी शिजवला? मी लिहिलं, श्रीमती चिमाबाई मेंगाळ. विचारलं होतं, शिजवण्याची पद्धत कुणाला माहीत होती? मी लिहिलं, श्रीमती चिमाबाई मेंगाळ. विचारलं होतं, आपण चव पाहिली होती काय? मी लिहिलं, होय, कडू लागली नाही. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. मी खाली सही केली.

त्याच दुपारी चिमाबाईचा जबाब झाला. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. ती आत गेली, वीसेक मिनिटांनी बाहेर आली. अंगठ्याला शाई लागली होती आणि ती तो पदराला पुसत होती. माझ्यासमोर जराशी थांबली. मी मान खाली घातली. ती निघून गेली.

आठवड्यानं अहवाल आला. ‘स्वयंपाकीण महिलेच्या हलगर्जीपणामुळे.’ चिमाबाईच्या जबाबात माझं नाव कुठंही नव्हतं. ‘सदर पदार्थ मी माझ्या मर्जीने शिजवून वाढला’ असं त्यात होतं आणि खाली अंगठा. मी तो कागद वाचला आणि केबिनबाहेर येऊन रडले. तिनं मला वाचवलं, असं मला वाटलं. इतकं सोसलेली बाई, नातीच्या जिवावर बेतलं तरी माझं नाव घेतलं नाही. मी तिला मनातल्या मनात देवपण दिलं. आणि खरं सांगते, त्यामुळं मला सोपं झालं. तिनंच अंगावर घेतलंय म्हटल्यावर मी पुन्हा तोंड उघडायचं कारण उरलं नाही.

तिला कामावरून काढलं. जांभूळटेपच्या शाळेत योजना थांबली आणि मग हळूहळू सगळ्या तालुक्यात. पाकिटातली खिचडी आणि बिस्किटं आली. डिसेंबरात मी बदली मागून घेतली. मला वाटत होतं एकदा जाऊन भेटावं, पण दर वेळी काहीतरी निघत गेलं. मग लग्न, मुलं, बढती. कामात मी वाईट नव्हते. भाषणांमध्ये मी एका अडाणी ठाकर बाईच्या मोठेपणाची गोष्ट सांगायची, नाव न घेता. लोक टाळ्या वाजवायचे.

एकोणीस वर्षांनी, माझ्या निवृत्तीला दहाएक वर्षं उरली असताना, सरकारनं पुन्हा तसाच निर्णय काढला. शाळांमधून स्थानिक अन्न. अनुभवी म्हणून मला समितीत घेतलं. घाटमाथ्यावरचे पदार्थ कुणाकडून तरी पुन्हा नीट समजून घ्यायला हवे होते. त्या कामासाठी मी जांभूळटेपला गेले. माफी मागायला गेले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

वाडीच्या तोंडाशी एका घराच्या ओट्यावर वीसेक माणसं बसली होती. साखरपुड्याची बैठक होती. चिमाबाईचं घर विचारलं तसं एका बाईनं हात केला, “ते काय, शेवटचं. पर तिच्याकडं काय काम?”

“पदार्थ विचारायचेत जुने.”

“तिला?” ती बाई शेजारणीकडं बघून हसली. “तिच्या हातचं कोन खातंय मॅडम? पोरं मारली असती तिनं.”

चिमाबाई दारात खाटेवर बसली होती. सत्तरीला टेकलेली, दोन्ही हातांना कंप. सुंदरा होती घरात. आता तिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई. तिनं मला पाणी दिलं. चिमाबाईला मला ओळखायला वेळ लागला नाही.

“बाय आली,” ती म्हणाली. एवढंच.

मी खाटेच्या कडेला बसले. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं, “चिमाबाई, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.”

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “नाव न्हाई घेतलं? कोन म्हनतं?”

“तुमच्या जबाबात...”

“घेतलं की! दोनदा घेतलं. म्हनलं, सायेब, मी नगं म्हनत व्हते, बायनं सांगितलं माझ्या जबाबदारीवर वाढ. सायेब लिवत व्हता. मला वाटलं तेच लिवतोय. मंग म्हनला, इथं आंगठा लाव.”

सुंदरा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

“मी बाहीर आले,” चिमाबाई म्हणाली, “तर तुमी बाकावर. मला वाटलं आता तुमी आत जाल आन सांगाल. दवाखान्यात म्हनला व्हता ना. मग घरी येऊन वाट बघितली. सुंदराचा बाप म्हनायचा, कुनी येत न्हाई आता. मी म्हनायची, येईल. त्या वर्सी दिवाळीपतुर वाट बघितली बाय. मंग सोडली.”

ती हे रागानं बोलत नव्हती. एखाद्या दूरच्या गावची हकिकत सांगावी तशी सांगत होती. सुंदराकडून मला बाकीचं कळलं. त्या दिवसानंतर वाडीत कुणी आजीला लग्नाला स्वयंपाकाला बोलावलं नाही. कुणाच्या घरी पोराचं पोट दुखलं तरी लोक आजीच्या घराकडं बघायचे. कंद तर वाडीतून गेलाच. आता तो कसा करायचा ते माहीत असणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं, आणि आजी तो कुणाला शिकवत नव्हती.

“मी लिहून देते,” मी म्हणाले. “आज. आत्ता. सगळं खरं लिहून देते.”

“कुनाला?” चिमाबाईनं विचारलं.

गायधनीसाहेब वारून आठ वर्षं झाली होती. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली होती. त्या चौकशीची फाइल कुठल्या कपाटात होती कुणास ठाऊक.

“लिवू नका,” ती म्हणाली. “मला वाचता येत न्हाई, त्यांना बी येत न्हाई. तिकडं वट्यावर मानसं बसल्यात. त्यांना सांगा.”

सुंदरानं तिला हाताला धरून उठवलं. आम्ही तिघी वाडीच्या मधून चालत गेलो. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. माझ्या अंगावर चांगलं पातळ होतं, खाली सरकारी गाडी उभी होती, म्हणून एकानं खुर्ची पुढं केली. मी बसले नाही.

मी सांगितलं. ओढ्यावरचं, उकडलेल्या कंदाचं, सचिवांचं, “मी आहे ना” म्हणाल्याचं, केबिनमधल्या तीन प्रश्नांचं. पाच मिनिटंही लागली नाहीत. एकोणीस वर्षं जे सांगायला मला सवड झाली नव्हती ते पाच मिनिटांत संपलं.

मघाशी हसलेली बाई जमिनीकडं बघत होती. तिचा मुलगा त्या त्रेचाळिसांत होता, हे मला सुंदरानं वाटेत सांगितलं होतं. शेवटी एक म्हातारा बोलला, “मंग तवाच का न्हाई सांगितलंत मॅडम?”

खूप कारणं होती. नोकरी, योजना, साहेब, तरुण वय. ती सगळी मी मनात एकदा फिरवून पाहिली आणि त्यातलं एकही ओठांवर येईना.

“भीती वाटली,” मी म्हणाले.

चिमाबाई सुंदराच्या खांद्याला धरून उभी होती. ती माझ्याकडं वळली, आणि भेटल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज जरा कापला.

“मला बी वाटली व्हती, बाय. सायबाच्या खोलीत पहिल्यांदाच गेले व्हते मी. तरी सांगितलं.”

मग ती सुंदराला म्हणाली, “चल, घरला ने मला,” आणि दोघी मागं न बघता निघाल्या.